माग, ओव्या आणि उघडा कोड

मागच्या अंकात मी बेळगावच्या वडगाव-खासबाग भागातल्या यंत्रमागांच्या आवाजावर केलेल्या कामाबद्दल लिहिलं होतं. मागांना चिकटवलेले छोटे मायक्रोफोन, तो आवाज आत घेणारा पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक, समोरच्या भिंतीवर प्रकाशाने उमटणारे धागे, आणि हे सारं चालवणारी ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली, सॉफ्टवेअर, असं ते काम आहे. त्या लेखावर आलेल्या काही पत्रांना इथे उत्तरं देते. पत्रं थोडी आखडली आहेत, नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

ज्या जिल्ह्यातल्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले, तिथे मागाच्या खडखडाटाला कला म्हणायची वेळ आली काय? मी पेटी वाजवतो, गाण्यात थोडंफार कळतं. तुमचा लेख दोनदा वाचला, खरं त्यात संगीत कुठे आहे ते सापडलं नाही. राग मानू नका, समजून घ्यायचं आहे. — निवृत्त शिक्षक, खानापूर

गुरुजी, राग कशाचा? कुमारजींचं नाव तुम्ही काढलंत, तर तिथूनच सांगते. १९४८ मध्ये क्षयाच्या आजारपणात ते देवासला गेले. पुढची काही वर्षं गाणं बंद होतं. त्या काळात अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानावर येत होती ती माळव्यातल्या साध्या माणसांची गाणी. बैठकीत ज्यांना कुणी जागा देत नव्हतं अशा त्या धुनांमधून त्यांना पुढे नवे राग दिसले. मला त्यांच्याकडून राग घेता आले नाहीत. ऐकण्यालायक काय आहे, हे ऐकायच्या आधी ठरवायचं नाही, एवढं मात्र मी त्यांच्याकडून घेतलं.

तुमच्या पेटीचंच घ्या. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. परदेशी वाद्य आहे, मींड निघत नाही, आपल्या श्रुती त्यात बसत नाहीत, अशी कारणं जाणकारांनीच दिली होती. आज पेटीशिवाय आपलं भजन उभं राहत नाही.

आता माग. साधा धोट्याचा माग आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा फेकतो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन टोले. त्या टोल्याच्या पोटात अनेक आवाज असतात. लाकडी दांडा धोट्याला मारतो तो कोरडा खट्ट, धोटा पलीकडच्या पेटीत जाऊन आदळतो तो जड ठोका, फणी धागा ठोकते तो मऊ धप्प, आणि खाली दातेरी चाकांची सतत चाललेली किरकिर. एका खोलीत दोन माग असतात तेव्हा खरी गंमत होते. एकाची गती मिनिटाला १२० आणि दुसऱ्याची ११८ असली, तर दोघे हळूहळू एकमेकांपासून सरकतात आणि बरोबर ३० सेकंदांनी पुन्हा एका टोल्यावर येतात. मधल्या काळात ठोक्यांच्या जागा बदलत जातात, नवे बोल तयार होतात. तुमच्या कानाला ही लयकारी लगेच कळेल. हे मी रचलेलं नाही, त्या खोलीत ते रोज घडतं. मी ते ऐकू येईल असं मांडते, एवढंच.

मी मागवाल्याच्याच घरातली. आमच्याकडे पट्टा सैल झाला किंवा धोट्याची पेटी घासायला लागली, की स्वयंपाकघरात बसलेल्या माणसालाही कळायचं. कुठला माग कुणाचा, हे गल्लीतून चालताना ओळखणारी माणसं मी पाहिली आहेत. आता आमच्या गल्लीतले धोट्याचे माग एकेक करून भंगारात निघतायत. मागाबरोबर ते कानही जातील. एक मागवाला मांडणी बघायला आला, डोळे मिटून उभा राहिला, आणि तिसऱ्या कर्ण्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘ह्याचा ब्रेक बघून घ्या की.’ तो बरोबर होता. माझ्या कामावर आलेल्या सगळ्या अभिप्रायांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो.

हे होतं कसं, तेही सांगते. मागाच्या लोखंडी सांगाड्याला मी पायझोची चकती चिकटवते. पितळेची, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मिळते. ती हवेतला आवाज घेत नाही, धातूतली थरथर घेते, म्हणून गल्लीतल्या रिक्षाचा हॉर्न तिच्यात येत नाही. तिची तार सरळ लॅपटॉपला लावली तर आवाज पत्र्यासारखा पातळ येतो. साध्या दहा किलोओहमच्या इनपुटला ती सातआठशे हर्ट्झखालचं बरंचसं गमावते, आणि मागाचं शरीर तर तिथेच आहे. त्यासाठी मध्ये एक मेगाओहम इनपुटचा छोटा प्रीअँप, म्हणजे आवाज आधी उचलून देणारं सर्किट, लागतो. टीएल०७२ हा आयसी, चार-दोन रेझिस्टर आणि नऊ व्होल्टची बॅटरी, एवढ्यात तो होतो. वायर जाळीच्या आवरणाची घ्यायची, नाहीतर विजेच्या ५० हर्ट्झचा गुंऽऽ सगळ्यावर बसतो.

पुढचं काम प्युअर डेटा हा प्रोग्राम करतो. मिलर पकेट या गणितज्ञाने पॅरिसच्या इर्कम संस्थेत असताना मॅक्स हा प्रोग्राम लिहिला होता. नंतर १९९६ च्या सुमारास त्याने प्युअर डेटा नव्याने लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. पडद्यावर लहान लहान डबे मांडायचे आणि रेघांनी जोडायचे. एक डबा आवाज आत घेतो, ‘बॉन्क’ नावाचा दुसरा डबा टोला कधी पडला ते पकडतो, पुढचे डबे त्या टोल्याचं काय करायचं ते ठरवतात. माझ्या कामात प्रत्येक टोल्याला भिंतीवर एक धागा वाढतो. ते चित्र प्रोसेसिंगमध्ये लिहिलंय, तेही खुलं आहे, २००१ साली एमआयटीत केसी रीस आणि बेन फ्राय यांनी सुरू केलेलं. प्रदर्शन संपेपर्यंत भिंतीवर लुगडं भरतं.

हा प्रकार परदेशातून परवा आला असंही नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर हे विजेवर आवाज घडवणारं वाद्य बसलं होतं, आणि अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारायला मदत केली होती. आपल्याकडच्या माणसांनी त्यावर काम केलं, ध्वनिफिती केल्या. पुढे ते दार बंद पडलं. यंत्र एकच, फार महाग, एकाच संस्थेच्या खोलीत. आज तीच ताकद वापरलेल्या लॅपटॉपवर फुकट चालते, आणि ती वडगावात बसून वापरता येते. मला हा फरक फार मोठा वाटतो.

ताई, मी पॉलिटेक्निकला दुसऱ्या वर्षाला आहे. साऊंडचं काम करायचं आहे. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम. मित्रानं एक महागडं सॉफ्टवेअर क्रॅक करून पेनड्राइव्हवर घालून दिलंय, मस्त चालतंय की. मग ओपन सोर्स शिकायला वेळ कशाला घालवू? — अनगोळ

चालतंय ते आज चालतंय. क्रॅक केलेल्या प्रतीबरोबर आणखी काय आत आलंय ते तुला कळत नाही, आणि अपडेट घेता येत नाही. पण मला त्याहून मोठी अडचण दुसरी वाटते. मी नाटकांचं पार्श्वसंगीत करायला लागले तेव्हा विकतचं, पावतीचं सॉफ्टवेअर वापरत होते. पुढे त्या कंपनीने मासिक भाडं सुरू केलं आणि जुन्या आवृत्तीचा परवाना तपासणारा सर्व्हर बंद केला. माझी स्वतःची कामं माझ्याच संगणकावर उघडेनात. पैसे भरलेले होते, काम माझं होतं, किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात होती. क्रॅकने तुला पैसे वाचतील, किल्ली मिळणार नाही.

तुझ्या लॅपटॉपला विंडोजच्या जागी डेबियन लिनक्स ही खुली प्रणाली घाल, वर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. ४ जीबीत तो आरामात चालतो. कापाकापीला ऑडॅसिटी, अनेक ट्रॅक एकावर एक मांडायला आर्डर. दोन्ही डेबियनच्या भांडारातूनच येतात, पैसे लागत नाहीत. ऑडॅसिटी कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी सुरू केली, २००० साली ती लोकांपुढे आली. २०२१ मध्ये तिची मालकी एका कंपनीकडे गेली आणि वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्यावरून मोठा वाद झाला. काही लोकांनी सरळ कोड घेतला आणि स्वतःची वेगळी प्रत काढली. परवान्यात तशी मुभा लिहिलेलीच होती. बंद सॉफ्टवेअरच्या बाबतीत असा वाद झाला असता तर लोकांनी फक्त आरडाओरडा केला असता.

रेकॉर्डिंग करताना ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. स्टिरिओत मिनिटाला १७ एमबीच्या आसपास जागा जाते, तासाला साधारण एक जीबी. नंतर फ्लॅकमध्ये बदल, जागा कितीतरी कमी होते आणि आवाजातलं काहीच जात नाही. एमपी३ फक्त कुणाला पाठवायला. सर्वांत मोठा टोला उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा आवाज ठेव, वर मोकळी जागा हवी.

फोनवर सुरुवात करायला हरकत नाही. फक्त एक गोष्ट बघ. फोन बोलण्यासाठी बनलेला असतो, तो सतत चालणारा आवाज म्हणजे गोंगाट समजून कापून टाकतो. मागाजवळ धरलास तर दहा सेकंदांत माग गायब होईल. एफ-ड्रॉइड या खुल्या भांडारातून असा रेकॉर्डर घे ज्यात प्रक्रिया न केलेला मायक्रोफोन निवडता येतो आणि वेव्हमध्ये साठवता येतं.

आणि रेकॉर्ड करायच्या आधी ऐकायला शीक. टिळकवाडीत रेल्वे गेटजवळ वही घेऊन बस आणि ऐकू येईल ते सगळं लिही: जवळचं, लांबचं, सतत चालणारं, एकदाच येऊन जाणारं. कॅनडात मरी शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात १९६० च्या दशकाअखेरीस असंच सुरू केलं होतं, आपल्या शहराचा आवाज कसा बदलतोय ते नोंदवायला. मायक्रोफोन नंतर आले, कान आधी.

मी उद्यमबागेत पॅटर्न मेकर आहे. आमच्या फाउंड्रीच्या धंद्यात पॅटर्न (ज्यावरून ओतायचा साचा पाडतात तो नमुना) म्हणजे जीव. पॅटर्न दुसऱ्याच्या हातात गेला की गिऱ्हाईक गेलं. तुम्ही म्हणता तुमचा कोड उघडा आहे, कुणीही न्यावा. मग तुम्ही खाता काय? — बेळगाव

मामा, सरळ प्रश्न विचारलात, सरळच सांगते. पैसे येतात ते नाटकांच्या ध्वनिसंयोजनातून, शाळा-कॉलेजांतल्या कार्यशाळांतून, आणि कुणी मांडणी करून मागितली तर तिच्यातून. कोड विकून कधीच आले नसते. मागांसाठी लिहिलेला पॅच, म्हणजे प्युअर डेटातली ती डब्यांची जोडणी, घ्यायला बेळगावात किती गिऱ्हाईकं आहेत?

पण तुमच्या मुद्द्याला एवढ्यावर उत्तर होत नाही. तुमच्याच कामातलं बोलू या. बीड ओतलं की थंड होताना मीटरला साधारण दहा मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. ही गोष्ट पुस्तकात छापलेली आहे, कुणीही वाचावी. तरी पुस्तक वाचून कुणी पॅटर्न मेकर झालेला नाही. लाकूड कुठलं, ड्राफ्ट म्हणजे कडांचा उतार किती, वाळू कशी, कुठल्या कोपऱ्यात पोकळी राहील, हे तुमच्या हातात आहे. माझंही तसंच. पॅच कुणीही उतरवून घेईल. चकती मागाच्या कुठल्या जागी लावायची, कुठला टोला सोडून द्यायचा, हे मागाशेजारी बसल्याशिवाय येत नाही. तेव्हा पॅच दिल्याने माझं काही जात नाही, उलट येतं. पुण्याच्या एका मुलाने माझा पॅच नेला, त्यातला टोला पकडायचा भाग सुधारला आणि मला परत पाठवला. आता माझ्या मांडणीत त्याचाच भाग आहे.

परत का पाठवला, तर तो चांगला मुलगा आहे म्हणून, आणि पॅच जीपीएल परवान्याखाली आहे म्हणूनही. रिचर्ड स्टॉलमन यांनी हा परवाना १९८९ साली लिहिला. चालवा, आतून बघा, बदला, वाटा, या चार गोष्टींची मोकळीक तो देतो आणि एक अट घालतो. बदललेली वस्तू पुढे वाटलीत तर तिचाही कोड त्याच मोकळिकीसह द्यायचा. फुकट आणि बेवारस यांत हा फरक आहे. माझ्या कामावर कुणी कुलूप घालून ते विकू शकत नाही.

आणि या वाटेने पोट भरलेलंही आहे लोकांचं. आर्डर लिहिणारे पॉल डेव्हिस यांनी कोड पूर्ण उघडा ठेवलाय, तयार बांधलेली प्रत हवी असेल त्याच्याकडून मात्र थोडे पैसे घेतात, त्यावर त्यांचं काम वर्षानुवर्षं चाललंय. सुपरकोलायडर ही आवाजाची प्रोग्रामिंग भाषा जेम्स मॅकार्टनी १९९६ पासून विकत होते, २००२ मध्ये त्यांनी ती जीपीएलखाली खुली केली. त्यानंतर जगभरच्या लोकांनी ती वाढवली, म्हणून ती आज जिवंत आहे.

तुमचा पॅटर्न गिऱ्हाइकाचा असतो, तो तुम्ही दाखवू नये हे बरोबरच. मीसुद्धा सगळं उघडं ठेवत नाही. मागांचं रेकॉर्डिंग करताना मागवाल्यांच्या गप्पाही टेप झाल्या आहेत: उधारी, मुलीचं लग्न, मालकावरचा राग. त्या माझ्याकडे आहेत, त्या उघड्या नाहीत आणि होणार नाहीत. हत्यार उघडं ठेवणं माझ्या हातात आहे. दुसऱ्याचा आवाज उघडा करणं माझ्या हातात नाही.

भीमगडच्या जंगलात दुर्मीळ वटवाघळं आहेत असं वाचलं. त्यांचे आवाज टेप करता येतात का? — जांबोटी

येतात. बारापेडेच्या गुहांमधली राटनची मुक्तपुच्छ वटवाघळं ती. १९१३ मध्ये त्यांचं वर्णन झालं आणि नंतर कित्येक दशकं जगात ती तेवढ्या एकाच ठिकाणी माहीत होती. माणसाला २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, बरीचशी वटवाघळं त्याच्या वर बोलतात. ऑडिओमॉथ नावाचं काडेपेटीहून थोडं मोठं यंत्र आहे, त्याचा आराखडाही खुला आहे. ते सेकंदाला आवाजाचे ३,८४,००० पर्यंत नमुने घेतं. ते रेकॉर्डिंग दहापट हळू केलं की ४० किलोहर्ट्झची चीत्कार ४ किलोहर्ट्झवर येते, चिमणीच्या पट्टीत. मात्र २०११ पासून भीमगड अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाऊ नका, आणि परवानगी मिळाली तरी गुहेत शिरू नका. तुमच्या घराच्या परसातल्या दिव्याभोवतीही संध्याकाळी वटवाघळं फिरतात. सुरुवात तिथून करा.

माझी आजी निपाणीच्या वखारीत तंबाखूचं काम करायची. तिला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येतात. काही मराठी, काही कन्नड, काहींत दोन्ही. मला त्या टेप करायच्या आहेत. भाऊ म्हणतो यूट्यूबवर टाकू. कशा टेप करू, आणि टाकाव्यात का? — निपाणी तालुका

ताई, हे पत्र आलं त्या दिवशी मी बाकीची पत्रं बाजूला ठेवली. लगेच टेप करा. दिवाळीला, सुट्टीला, असं लांबवू नका.

घरात जातं असेल तर आजीला जात्यावर बसवा, मूठभर जोंधळे घाला. ओवीची लय जात्याच्या फेऱ्यात असते. नुसतं बसून म्हणायला सांगितलं की बायका ओवी वाचल्यासारखी म्हणतात, आणि पुढची आठवतही नाही. हात फिरला की ओवी येते. आजीच्याने ओढवत नसेल तर समोरून तुम्ही खुंटा धरा.

पंखा बंद, फ्रिज बंद, सगळे फोन विमान मोडवर. आजीच्या पाठीमागच्या भिंतीवर गोधडी टांगा, आवाज घुमायचा कमी होतो. मायक्रोफोन किंवा फोन तिच्या तोंडापासून वीतभर लांब, जरा बाजूला, खाली टॉवेलची घडी ठेवून. जमिनीवर सरळ ठेवला तर जात्याची घरघर सगळं गिळून टाकते. ती घरघर पूर्ण काढूनही टाकू नका, ती ओवीचाच भाग आहे. सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख, गाव, आजीचं नाव आणि माहेरचं गाव बोला. माहेर महत्त्वाचं, कारण पुष्कळ ओव्या तिथून आलेल्या असतात.

प्रत्येक फाइलबरोबर एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा: कोण, कुठे, कधी, ओवीचे शब्द. मराठी देवनागरीत, कन्नड येत असेल तर कन्नड लिपीत. एका ओवीत दोन्ही भाषा असतील तर दोन्ही तशाच लिहा. ही मराठीची, ही कन्नडची अशी वाटणी करू नका आणि व्याकरण तर मुळीच सुधारू नका. आपल्या भागातल्या बायका दोन्हींत संसार करत आल्या आहेत, ओव्यांत ते जसं आहे तसं राहू दे. दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा.

हे काम किती मोठं होऊ शकतं ते सांगते. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रात गावोगाव जाऊन जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आज त्या पारी या ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या नावानिशी वाचायला आणि ऐकायला मिळतात. नावानिशी, हे त्यातलं मला सर्वांत आवडतं.

आता यूट्यूब. आधी आजीला विचारा, आणि टेप ऐकवून मग विचारा. ओवीत बाई सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, भावाने न केलेल्या पाठवणीबद्दल बोललेली असते. जात्यावर पहाटे कुणी ऐकत नाही म्हणून ती बोलली. ज्यांच्याबद्दल बोलली त्यांची नातवंडं आज त्याच गल्लीत राहतात. आजी म्हणेल ही टाक, ती नको. तिने ‘नको’ म्हटलेली टाकू नका. आपल्याकडे कायद्यानेही गाणाऱ्याचा तिच्या गाण्यावर ५० वर्षं हक्क असतो, टेप करणारा कुणीही असो.

ज्या टाकायच्या त्यांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावा. आजीचं नाव द्यावं लागेल, धंद्यासाठी वापरता येणार नाही, आणि बदल केला तर तोही याच अटींवर वाटावा लागेल, असा एक परवाना त्यात आहे. मी तोच सुचवेन. मात्र हे लक्षात ठेवा की एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. ज्याने त्या अटींवर प्रत घेतली त्याच्याकडे ती राहते. म्हणून घाई करू नका. टेप करायला उशीर नको, टाकायला झाला तरी चालेल. आणि यूट्यूबवर टाकलंत तरी मूळ वेव्ह फाइल तुमच्याकडेच ठेवा. तिथे जाते ती दाबलेली प्रत, आणि खातं बंद झालं की तीही जाते.

आमच्या गल्लीच्या मंडळाला यंदा डॉल्बी नको आहे. लोक समोर आले की आवाज आणि प्रकाश बदलेल असा देखावा करायचा आहे. पोरं उत्साही आहेत, बजेट कमी. जमेल काय? — शहापूर

जमतंय की! आर्डुइनो हा सेन्सर आणि दिवे चालवणारा छोटा बोर्ड घ्या. २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावात, डिझाइन शिकणाऱ्या मुलांना परवडावा म्हणून हा बोर्ड तयार झाला. त्याचा आराखडा खुला आहे, त्यामुळे तसेच बोर्ड दुसरे लोकही बनवतात आणि ते चार-पाचशे रुपयांत मिळतात. आर्डुइनो हे नाव मात्र नोंदलेलं आहे, ते नाव न लावता विकलेला बोर्ड घेण्यात काहीच गैर नाही. सोबत एचसी-एसआर०४ हा सेन्सर. तो ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि परत यायला लागलेल्या वेळेवरून माणूस किती लांब आहे ते सांगतो, जांबोटीच्या पत्रातल्या वटवाघळांच्याच पद्धतीने. पल्ला ४ मीटरपर्यंत. लुगडं, शाल यांवरून आवाज नीट परत येत नाही, म्हणून सेन्सर रांगेच्या कठड्याला आडवा लावा आणि दोन-तीन लावा.

एक मोठा कर्णा लावण्यापेक्षा सहा-आठ लहान स्पीकर लोकांच्या जवळ ठेवा. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर आवाज सहा डेसिबलने पडतो, म्हणजे जवळचा लहान स्पीकर भक्तांना स्पष्ट ऐकू येतो आणि मागच्या घरातल्या तान्ह्या बाळापर्यंत पोचत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सणासाठी वर्षातले १५ दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, त्या सूटीची गरजच पडू नये असा देखावा करा.

आवाज कुठले वापरायचे ते पोरांना गल्लीतच शोधू दे. भजनाचे टाळ, मूर्तिकाराच्या हातातली ओली शाडू, कुंद्याच्या कढईतला उलथना. तयार सिनेमाची गाणी लावलीत तर देखावा दुसऱ्या गल्लीसारखाच होईल.

वीज गेली आणि आली की सगळं आपोआप पुन्हा सुरू झालं पाहिजे, हे आधी चारदा प्लग काढून तपासा. पावसाचे दिवस असतात, बोर्ड डब्यात बंद करा. पाच व्होल्टचं काम पोरांनी करावं. दिव्यांचं २३० व्होल्टचं काम मात्र गल्लीतल्या वायरमनकडूनच करून घ्या, हौसेने कुणी हात घालू नये. टोला पकडायचा माझा पॅच आणि आर्डुइनोचा कोड संपादकांकडे दिलाय, ते तुम्हाला पाठवतील. त्यात जे बदल कराल ते मला परत पाठवा, आणि पुढच्या गल्लीने मागितले तर त्यांनाही द्या.